शिंपीसरांची जागा

माझं काम भूल देण्याचं. नवीन आलेल्या डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी सांगते, इथे भूल मी देते, तुम्ही फक्त भूल करू नका. वर्षानुवर्षं तोच विनोद चाललाय, तरी पोरं दरवेळी हसतात. भूल देणाऱ्या बाईशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय?

टेबलाच्या डोक्याच्या बाजूला मी बसते. पेशंटच्या छातीवरून हिरवा पडदा ताणलेला असतो आणि त्याच्या पलीकडे सर्जन. टोपी आणि मास्क यांच्या मधले डोळे तेवढे मला दिसतात. त्या डोळ्यांवरून मी सांगू शकते, कुणाचं कुठे अडलंय. अडलं की कुणी सिस्टरवर खेकसतो, कुणी दिव्याला दोष देतो, कुणी उगाच क्रिकेटच्या गप्पा काढतो. फार थोडे गप्प होतात आणि विचार करतात.

आमचा मूत्ररोग विभाग शिकवणाऱ्या हॉस्पिटलातला. बाहेरच्या लोकांना वाटतं लघवीचा डॉक्टर म्हणजे एकच काहीतरी, पण आत आलं की एका घरात सात चुली. मुतखड्याचं युनिट सगळ्यांत आनंदी. लेझरनं दगड फोडायचा, चुरा काढायचा आणि पेशंट दुसऱ्या दिवशी हसत घरी. प्रोस्टेटवाल्यांकडे सगळे आजोबा, त्यामुळे राउंडला निम्मा वेळ नातवंडांच्या गोष्टी ऐकण्यात जातो. कर्करोगाचं युनिट कमी बोलतं. लहान मुलांच्या युनिटातल्या बाई आधी बाहुलीला तपासतात, मग मुलाला. बाळंतपणानंतर लघवी धरता न येणाऱ्या बायकांसाठी एक युनिट, तिथे आलेली प्रत्येक बाई हळू आवाजात बोलायला सुरुवात करते आणि जाताना मोठ्यानं हसते. मूत्रपिंड बसवणाऱ्यांचं निराळंच. नव्या मूत्रपिंडात रक्त सोडलं की ते डोळ्यांदेखत गुलाबी होतं आणि थोड्या वेळानं नळीच्या टोकाशी लघवीचा थेंब उभा राहतो. तो दिसला की सगळं थिएटर टाळ्या वाजवतं. लघवी पाहून टाळ्या वाजवणारी माणसं जगात बहुधा आमच्याकडेच सापडतील.

आणि सगळ्यांत शेवटचं युनिट शिंपीसरांचं. फाटलेला, आक्रसलेला, चिरडलेला मूत्रमार्ग पुन्हा शिवायचा. केसाएवढा दोरा, नखाएवढी सुई आणि तासन्‌तास मान खाली. शिंपी हे त्यांचं आडनाव नव्हे. ते नाव कुणीतरी फार पूर्वी ठेवलं आणि त्यांना ते इतकं आवडलं की फोनवरही ते "शिंपी बोलतोय" असंच म्हणायचे. थिएटरात मात्र ते फारसे बोलायचे नाहीत.

या विभागात मुंगी आली, तेव्हा इथे शिकायला आलेली ती पहिली मुलगी. सर्जरीची पदवी घेऊन आलेली, अंगानं बारकी आणि उंचीला इतकी बेताची की पहिल्याच दिवशी सिस्टरनं न विचारता तिच्या पायाखाली लाकडी पाट सरकवला. मुंगी हे नाव तिच्याबरोबर आलेल्या पहिलवाननं ठेवलं. पहिलवान म्हणजे तिच्याच वर्षाचा, दारातून तिरका आत येणारा एक धिप्पाड, प्रेमळ गडी. झालं असं की मुतखड्याच्या युनिटात एका पेशंटच्या मूत्रपिंडाच्या कोपऱ्यात दगडाचा एक दाणा अडकून राहिला होता. सगळे म्हणाले, राहू दे, पडेल आपोआप. ही दुर्बीण हातात घेऊन त्या दाण्याच्या मागे लागली, ती तो बाहेर काढल्यावरच थांबली. पहिलवान म्हणाला, "मुंगी आहे ही. दाणा सोडत नाही." तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं.

पहिलं वर्ष सगळ्यांचं हमालीचं. तुंबलेल्या नळ्या धुवायच्या, लघवी अडलेल्या माणसांना मोकळं करायचं, वरिष्ठांची बोलणी खायची. दुर्बिणीनं आत काम करायला शिकणं हा तर छळ असतो. आतलं सगळं टीव्हीच्या पडद्यावर दिसतं आणि हाताकडे न बघता हात चालवावा लागतो. बऱ्याच जणांचे डोळे तेव्हा घाबरलेल्या सशासारखे होतात. मुंगीचे झाले नाहीत. ती अडली की गप्प व्हायची, श्वास सोडायची आणि पुन्हा सुरू करायची. मी मनात म्हटलं, ही निराळी दिसते.

एकेका युनिटात काही महिने असं करत ती सगळीकडे फिरली. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला विचारतात, पुढचं खास शिक्षण कशात घेणार? पहिलवाननं मुतखडा सांगितला. "पाच तास मान खाली घालून शिवण घालणं माझ्यानं व्हायचं नाही. मला दगड फोडायला द्या," तो म्हणाला. मग विभागप्रमुख मुंगीकडे वळले. मीही त्या बैठकीत होते.

"तुझं तर ठरल्यासारखंच आहे," ते म्हणाले. "बायकांच्या युनिटात जा. तिथे गरज आहे आणि तुलाही अवघड व्हायचं नाही."

"सर, मला शिंपीसरांकडे शिकायचंय."

खोलीत कुणीतरी खोकलं. विभागप्रमुख वाईट माणूस नव्हते. खरोखरच काळजीनं ते म्हणाले, "अगं, तिथले जवळजवळ सगळे पेशंट पुरुष. आधीच लाजलेले, खचलेले. ते तुझ्याकडून तपासून घेतील?"

"लाजतात, सर. पण लघवी अडली की लाज आधी पळते."

सगळे हसले. शिंपीसर तेवढे हसले नाहीत. ते चष्मा पुसत बसले होते, पुसतच राहिले. हो नाही की नाही नाही. विभागप्रमुख म्हणाले, "बघू, अजून वेळ आहे."

त्यानंतर मुंगी माझ्या खोलीत येऊन चहाच्या पेल्याकडे बघत बसली. "प्रमुखांचं वाईट नाही वाटलं, मॅडम. पण शिंपीसर एक शब्द बोलले असते तर?"

"तो माणूस टाका घातल्याशिवाय बोलत नाही," मी म्हटलं. "चहा पी, गार होतोय."

त्याच सुमारास बंबवाले आले. हेही आम्हीच ठेवलेलं नाव.

अग्निशमन दलातला माणूस, चाळिशीचा, खांदे दारासारखे. एका गोदामाच्या आगीत आतल्या दोघांना बाहेर काढून तो तिसऱ्यासाठी परत गेला आणि भिंत त्याच्या कमरेवर आली. कमरेचं हाड जुळलं, पाय चालायला लागले, पण हाड मोडताना आत मूत्रमार्ग तुटला होता. दुसरीकडे दोनदा ऑपरेशन झालं आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत वाट पुन्हा बंद. तेव्हापासून बेंबीखाली भोक पाडून घातलेली नळी आणि मांडीला बांधलेली पिशवी. कामावर कचेरीत बसवलेलं. लोकांत जाणं त्यानं बंदच केलं होतं. हे सगळं मला नंतर त्याच्या बायकोनं सांगितलं. तो स्वतः सांगणाऱ्यांतला नव्हता.

ओपीडीत त्याला तपासायला मुंगी पुढे झाली, तसा तो उठून उभाच राहिला. "पुरुष डॉक्टर नाहीत का?"

"आहेत ना," मुंगी म्हणाली. "बोलावते. थोडं थांबावं लागेल, एवढंच."

पण त्याच्या बायकोला थांबायचं नव्हतं. ती पदर खोचून म्हणाली, "अहो, आगीत उडी मारताना विचारलं होतं का, आत बाई आहे का बाप्या? मग आता कशाला विचारताय? बसा खाली."

बंबवाले बसले. मुंगीनं हसू दाबलं, तपासलं, आणि मग कागद घेऊन त्याला चित्र काढून दाखवलं. ही पिशवी म्हणजे मूत्राशय, हे तिचं तोंड, ही नळी, आणि इथे मध्ये तुटलीय. त्याला आजवर कुणी असं बसवून सांगितलं नव्हतं. तो त्या चित्रावरून बोट फिरवत म्हणाला, "म्हणजे बंबाचा होज पाइप फाटलाय आणि जोड नीट बसला नाही."

"अगदी बरोबर, दादा. आता तो का बसला नाही, ते शोधायचंय."

ती शोधायला लागली. जुने एक्स-रे मागवले, फिल्मा उजेडावर धरून बघत बसली, एक्स-रेवाल्या डॉक्टरांना भंडावून सोडलं. तिचं म्हणणं होतं की आधीचा जोड तुटला नसावा, तो मुळात चुकीच्या जागी असावा. शिंपीसरांना तिनं ते सांगितलं. सर म्हणाले, "फोटोत सावल्या फसवतात. आत गेल्यावर कळेल." त्यांनी तारीख दिली.

ऑपरेशनच्या सकाळी बंबवाले टेबलावर आडवे झाले आणि माझा हात धरून म्हणाले, "मॅडम, धुरात गुदमरून दोनदा बेशुद्ध पडलोय, पण ठरवून कधी नाही." मी म्हटलं, "मग या वेळी आरामात पडा." ते हसले आणि त्या हसण्यातच झोपी गेले.

या ऑपरेशनला पेशंटचे पाय वर बांधतात आणि सर्जन दोन पायांच्या मध्ये छोट्या गोल स्टुलावर बसतो. ते स्टूल शिंपीसरांचं. त्यावर दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मुंगी शेजारी उभी, मदतीला.

खालून कापत कापत सर मूत्रमार्गाच्या खालच्या टोकापर्यंत पोचले. तिथून पुढे नुसता व्रण, दगडासारखा कडक. आता वरचं टोक शोधायचं. त्यासाठी पोटावरच्या भोकातून एक वाकडी सळी मूत्राशयात घालतात, मूत्राशयाच्या तोंडातून खाली ढकलतात आणि तिचं टोक खालून बोटाला लागलं की तिथे कापतात. सळी घालायचं काम मुंगीचं. तिनं घातली. सरांच्या बोटाला टोक लागलं. "मिळालं," ते म्हणाले आणि त्यांनी सुरीसाठी हात पुढे केला.

"सर, एक मिनिट थांबता?"

सिस्टरचा सुरी द्यायला निघालेला हात हवेतच राहिला. शिंपीसरांना मध्येच थांबवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पद्धत नव्हती म्हणजे कुणाची छातीच झाली नव्हती.

"का?"

"सळी फार सहज खाली आली, सर. मूत्राशयाच्या तोंडातून गेली असती तर तिथल्या स्नायूनं तिला जरा आवळलं असतं. मला काहीच लागलं नाही. वरून दुर्बीण घालून एकदा बघू?"

मी हिरव्या पडद्यावरून सरांचे डोळे बघत होते. त्यांत राग येईल, मग ते तो गिळतील, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ते गप्प झाले आणि विचार करू लागले. मग म्हणाले, "बघ."

पोटावरच्या भोकातून मऊ, वाकणारी दुर्बीण आत गेली आणि टीव्हीच्या पडद्यावर मूत्राशय दिसलं. सळी दिसली. ती मूत्राशयाच्या तळातल्या एका भोकातून खाली गेली होती. आणि त्याच्या पुढच्या बाजूला, थोडंसं वर, एक बारीक, चुण्या पडलेलं, मिटलेलं तोंड होतं. तेच खरं तोंड. म्हणजे खरं दार बंद होतं आणि सळी शेजारच्या खिडकीतून बाहेर पडली होती. ती खिडकी आधीच्या कुणाच्या तरी सळीनं पाडलेली असणार. दोन्ही वेळा बिचाऱ्याची नळी त्या खिडकीला जोडली गेली होती. आज तिसऱ्यांदा तेच झालं असतं.



 शिंपीसर स्टुलावरून उठले आणि बाजूला झाले.

"बस," ते म्हणाले.

"सर?"

"दार तुला सापडलं. आत तूच जा."

मुंगीनं दुर्बीण सिस्टरकडे दिली. मग बसली. ती बसली तशी मला पडद्यावरून तिची टोपी दिसेनाशी झाली. सिस्टरनं स्टूल फिरवून उंच केलं, तेव्हा कुठे डोळे वर आले. त्या डोळ्यांत भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. भीती होती, पण ती हातापर्यंत उतरत नव्हती.

तिनं सळी मागे घेतली आणि खऱ्या तोंडातून पुन्हा घातली. या वेळी तिच्या मनगटाला ती पकड जाणवली असावी, कारण तिनं हळूच मान हलवली. खालून व्रण कापत ती टोकापर्यंत गेली. दोन टोकांमधलं अंतर जास्त होतं. ओढून शिवलं तर जोड ताणात राहणार आणि ताणातला जोड टिकत नाही. तिनं सरांकडे पाहिलं.

"कमरेच्या पुढच्या हाडाचा कडेचा तुकडा काढला तर जवळच्या वाटेनं आणता येईल," ती म्हणाली.

"मग काढ. मला काय विचारतेस?"

छिन्नी आली. हातोडीचे बारीक ठोके पडले. वाट मोकळी झाली, नळी आपोआप वर सरकली आणि दोन टोकं एकमेकांना टेकली. मग टाके. एकेक टाका आधी घालून ठेवायचा, सगळे घालून झाल्यावर एकेक बांधायचा. शिंपीसर शेजारी वाकून मांस बाजूला धरायचं हत्यार धरून उभे होते. इतक्या वर्षांत मी त्यांना ते हत्यार धरताना पाहिलं नव्हतं. ते काम शिकाऊ पोरांचं. मधे ते एकदाच बोलले, तेही सिस्टरशी. "दिवा जरा इकडे घ्या. तिला नीट दिसू दे."

शेवटची गाठ बसली तेव्हा मी एकटीच हसत होते. मास्क असतो ते एक बरं असतं.

बाहेर बंबवाल्यांची बायको भिंतीला पाठ लावून उभी होती. सरांना बघताच तिनं हात जोडले. "डॉक्टरसाहेब, तुमचे उपकार..."

"माझे नाहीत," सर म्हणाले आणि त्यांनी मागे वळून मुंगीला पुढे ओढलं. "ऑपरेशन हिनं केलंय. मी मदतीला होतो."

मोठ्या आवाजात म्हणाले. व्हरांड्यात विभागप्रमुख उभे होते, पहिलवान होता, दोन वॉर्डांतली माणसं होती. मला वाटतं सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच ते तसं म्हणाले.

काही आठवड्यांनी मूत्राशयात रंग सोडून एक्स-रे काढला. रंग मूत्राशयातून सरळ खाली उतरला, कुठेही झिरपला नाही. नळी काढली आणि बंबवाल्यांना धार मोजायच्या खोलीत पाठवलं. आत एक नरसाळं असतं, त्याखाली मशीन. धार चांगली असली की बाहेरच्या कागदावर टेकडीसारखी रेघ चढते. दाराबाहेर मी, मुंगी, बायको, सिस्टर आणि पहिलवान.  कागद सरकत होता आणि रेघ सपाटच. बायकोनं डोळे मिटून घेतले.

"पाणी जास्त प्यायला सांगितलं होतं ना?" पहिलवान कुजबुजला.

"गप रे," मुंगी म्हणाली.

आणि मग रेघ उचलली. उचलली ती चढतच गेली. आतून आवाज आला, "अगं ए! धार बघ, धार! बंब झक मारतो!"

बायको रडत रडत हसायला लागली. सिस्टर म्हणाली, "अहो, आम्हाला कसं बघता येईल?" पहिलवाननं मुंगीला उचलून गोल फिरवलं, आणि ती "सोड रे गाढवा, ओपीडी आहे ही," म्हणत खाली उतरायला धडपडत होती.

पुढच्या बैठकीत विभागप्रमुखांनी शिंपीसरांना विचारलं, "तुमच्याकडच्या शिकायच्या जागेवर यंदा कोण हवं?" सर म्हणाले, "हे काय विचारणं झालं?" विभागप्रमुख मुंगीकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पेशंट लाजतील ही भीती माझी होती, त्यांची नव्हती. तू शिक." मोठ्या खुर्चीवरच्या माणसाला असं बोलायला किती जड जातं, हे मला ठाऊक आहे.

मुंगीची पदवी झाली तेव्हा तिची आई आली. चित्रकलेची शिक्षिका, अंगानं मुंगीसारखीच बारकी. पदवीच्या समारंभापेक्षा तिला मुलगी काम करते ती जागा बघायची होती. मी तिला सगळीकडे फिरवलं. थिएटरच्या दारात शिंपीसर भेटले. आईनं नमस्कार केला आणि भीत भीत विचारलं, "कशी आहे हो ही? घरी तर सुईत दोरा ओवायला सांगितलं की पळून जायची."

शिंपीसरांना हसू आलं. "इथे नाही पळत," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "बाई, उद्या माझ्यावरच अशी वेळ आली ना, तर मी हिलाच बोलावीन. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

आईनं पुन्हा नमस्कार केला.  तेवढ्यात मुंगीला ओपीडीतून बोलावणं आलं. "आई, इथेच बस, आलेच मी," म्हणून ती पळाली. आई ओपीडीच्या बाकावर पुरुष पेशंटांच्या रांगेत जाऊन बसली. शेजारच्या आजोबांनी तिच्याकडे बघून चौकशी केली, "तुम्हाला कोणत्या डॉक्टरांना दाखवायचंय?"

"मला दाखवायचं नाहीये," आई म्हणाली. "मी डॉक्टरला बघायला आलेय. माझी मुलगी आहे ती."

आजोबा सावरून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हात हलका आहे का हो त्यांचा? मला फार भीती वाटते."

आईनं पर्स मांडीवर नीट ठेवली, ताठ बसली आणि म्हणाली, "अजिबात घाबरू नका. तिच्या सरांना विचारून आलेय मी."